के फॉर केल्विन

केल्विन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? २७३ मिळवा! बस्स, एवढंच. थर्मोच्या न्यूमेरिकलमध्ये तापमान सेल्सिअसमध्येच ठेवलं की सर पेपरवर लाल गोल काढतात, म्हणून आपण निमूटपणे २७३ मिळवतो आणि पुढे जातो. पण त्या एका 'के'च्या मागे एक हाडामांसाचा माणूस आहे, हे सबमिशनच्या धावपळीत कोणाच्या डोक्यातही येत नाही.

आणखी एक गंमत बघा. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या थंडीच्या देशांत आज घर गरम ठेवायला हीट पंप बसवतात. भिंतीवर एक छोटा डिजिटल थर्मोस्टॅट असतो, त्यावर २० किंवा २१ आकडा लावला की काम झालं. ज्यांचे मामा-मावशी, ताई-दादा तिकडे आहेत त्यांनी व्हिडिओ कॉलवर तो डबा पाहिलाही असेल. घर गरम करण्याची ही युक्ती कागदावर पहिल्यांदा मांडली ती याच केल्विनसाहेबांनी, १८५२ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. आणि तो डबा वापरताना लोक जी चूक हमखास करतात, तिच्याशी जुळणारी एक चूक केल्विनसाहेबांनी अटलांटिक समुद्राच्या तळाशी घडताना पाहिली होती. ती गोष्ट पुढे येईलच. आधी माणसाची ओळख करून घेऊ.

दहाव्या वर्षी कॉलेजात

त्याचं खरं नाव विल्यम थॉमसन. जन्म २६ जून १८२४, आयर्लंडमधल्या बेलफास्टचा. वडील जेम्स थॉमसन गणिताचे शिक्षक. विल्यम सहा वर्षांचा असताना आई गेली आणि मुलांना वाढवायचं, शिकवायचं सगळं वडिलांनीच केलं. १८३२ मध्ये वडील ग्लासगो युनिव्हर्सिटीत गणिताचे प्रोफेसर झाले आणि सगळं बिऱ्हाड स्कॉटलंडला हललं. तिथे विल्यमने दहाव्या वर्षी युनिव्हर्सिटीत नाव घातलं! आपण दहाव्या वर्षी चौथी-पाचवीत कंपास बॉक्स हरवत होतो.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या हातात फ्रेंच गणिती फूरिये यांचं उष्णतेवरचं पुस्तक पडलं. हो, तेच फूरिये, ज्यांच्या सिरीजमुळे एम-थ्री मध्ये निम्मी बॅच गारद होते. विल्यमने ते पुस्तक साधारण पंधरा दिवसांत संपवलं. कुठल्या तरी मोठ्या माणसाने फूरियेंचं गणित चुकीचं ठरवलं होतं, तर या पोराने टोपणनावाने लेख लिहून फूरियेंची बाजू बरोबर असल्याचं दाखवून दिलं. उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी कशी जाते हा प्रश्न तेव्हा जो त्याच्या मागे लागला, तो आयुष्यभर सुटला नाही.

पुढे केंब्रिज. १८४५ च्या परीक्षेत तो पहिला येणार असं सगळे धरून चालले होते, पण आला दुसरा. मात्र लगेच झालेल्या स्मिथ प्राइझच्या परीक्षेत पहिला आला. आणि तो काही पुस्तकी किडा नव्हता बरं का. नदीत होडी वल्हवण्याच्या शर्यतीतही त्याने बक्षीस मारलं होतं. १८४६ मध्ये, वय वर्षं २२, तो ग्लासगोला नॅचरल फिलॉसॉफीचा, म्हणजे आपल्या भाषेत फिजिक्सचा, प्रोफेसर झाला. ती खुर्ची त्याने तब्बल ५३ वर्षं सांभाळली. प्रोफेसर झाल्यावर आता आपणही अहो-जाहो करू!

न सापडलेलं पुस्तक

केंब्रिजनंतर थॉमसन काही महिने पॅरिसला रेनो यांच्या प्रयोगशाळेत राहिले. तिथे अचूक मोजमाप म्हणजे काय हे ते शिकले. त्याच दिवसांत ते पुस्तकांच्या दुकानांतून सादी कार्नो यांचं १८२४ चं छोटं पुस्तक शोधत फिरले, पण कोणाकडेच ते नव्हतं. योगायोग बघा, पुस्तक आणि थॉमसन एकाच वर्षी जन्मलेले! कार्नोंनी मांडलेला विचार असा, की उष्णता गरम जागेकडून गार जागेकडे उतरताना तिच्याकडून काम करून घेता येतं, जसं पाणी वरून खाली पडताना पाणचक्की फिरवतं.

त्यावरून थॉमसनना वाटलं, की मग तापमान मोजायला पारा किंवा अल्कोहोल कशाला? पाऱ्याची फुगण्याची तऱ्हा वेगळी, अल्कोहोलची वेगळी. त्याऐवजी कार्नोच्या इंजिनावरूनच अशी पट्टी ठरवू की जी कुठल्याच पदार्थावर अवलंबून नसेल. १८४८ साली त्यांनी ही कल्पना मांडली. पुढे त्यात सुधारणा झाल्या आणि आज जिला आपण केल्विन स्केल म्हणतो ती मिळाली. शून्य म्हणजे खरंखुरं शून्य, त्याच्या खाली जाणं नाही.

१८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या एका सभेत त्यांना जेम्स जूल भेटले. जूल काम आणि उष्णता एकमेकांत बदलतात असं सांगत होते आणि बाकी कोणी फारसं लक्ष देत नव्हतं. थॉमसनना आधी ते पटलं नाही, पण विसरताही येईना. त्याच उन्हाळ्यात आल्प्समध्ये दोघं पुन्हा अचानक भेटले. जूल नुकतंच लग्न होऊन बायकोबरोबर फिरायला आले होते, आणि हातात होता लांबलचक थर्मामीटर, धबधब्याचं पाणी खाली पडून किती गरम होतं ते मोजायला! हा किस्सा थॉमसन पुढे स्वतःच सांगत. हनिमूनला थर्मामीटर नेणाऱ्या माणसावर विश्वास ठेवावाच लागतो. काही वर्षांत थॉमसननी कार्नो आणि जूल या दोघांचा मेळ घातला आणि १८५१ मध्ये थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम आपल्या शब्दांत मांडला. पुढे दोघांनी मिळून जो प्रयोग केला तोच आपल्या सिलॅबसमधला जूल-थॉमसन इफेक्ट.

उष्णतेचा रहाट

आता येऊ या १८५२ वर. पाणी आपणहून उतारावरून खाली जातं, पण विहिरीवर रहाट लावला तर तेच पाणी वर येतं. रहाट पाणी तयार करत नाही, फक्त उचलतो. थॉमसननी विचारलं, की उष्णतेचं तसं का करू नये? बाहेर कितीही गारठा असला तरी हवेत उष्णता असतेच, कारण खरं शून्य खूप खाली आहे. शून्य अंश सेल्सिअस म्हणजे २७३ केल्विन! मग ती बाहेरची उष्णता उचलून घरात आणू.

त्यांनी मांडलेलं यंत्र असं. बाहेरची हवा एका सिलिंडरमध्ये घ्यायची आणि तिला पसरू द्यायचं. पसरली की ती बाहेरच्यापेक्षाही गार होते आणि मग बाहेरूनच उष्णता शोषून घेते. नंतर दुसऱ्या सिलिंडरमध्ये ती दाबून पुन्हा वातावरणाच्या दाबाला आणायची. दाबली की गरम होते, ती घरात सोडायची. यंत्र चालवायला वाफेचं इंजिन. त्यांचा हिशोब सांगत होता, की कोळसा थेट शेगडीत जाळण्यापेक्षा तो इंजिनात जाळून हे यंत्र चालवलं तर बऱ्याच कमी कोळशात तितकंच घर गरम होईल. तेच यंत्र उलटं चालवलं तर घर गारही होईल, हेही त्यांनी दाखवलं.

हिशोब आपणही करू शकतो. आत २० अंश म्हणजे २९३ केल्विन, बाहेर ० अंश म्हणजे २७३ केल्विन. आदर्श यंत्राचा सीओपी २९३ भागिले २०, म्हणजे साधारण १४.६. खऱ्या यंत्रात घर्षण आणि इतर तोटे येतात, त्यामुळे प्रत्यक्षात ३-४ च्या आसपास मिळतो. पण ३ सुद्धा काय कमी आहे? आपला बादलीतला हीटर रॉड एक युनिट वीज खाऊन फार तर एक युनिट उष्णता देतो. हीट पंप एक युनिट खाऊन तीन देतो, कारण दोन युनिट तो बाहेरून उचलून आणतो. हल्ली काही हॉस्टेलांच्या गच्चीवर गरम पाण्यासाठी जे हीट पंप बसतात, त्यांचं रहस्य हेच.

एवढी भारी आयडिया, मग लगेच घरोघरी का नाही गेली? कारण वाफेचं इंजिन घरात कोण ठेवणार? स्वस्त वीज नाही, बंद डब्यातला कॉम्प्रेसर नाही. ऑस्ट्रियात रिटिंगर यांनी १८५६ च्या सुमारास मिठाच्या कारखान्यात या तत्त्वावरचं यंत्र केलं, पण मोठ्या इमारतीसाठी झ्युरिकच्या टाऊन हॉलमध्ये हीट पंप लागायला १९३८ साल उजाडलं. तोवर थॉमसन जाऊन ३१ वर्षं झाली होती. शिवाय आणखी एक छोटी गोष्ट लागत होती. यंत्र कधी चालू करायचं आणि कधी थांबवायचं हे सांगणारं कोणीतरी. विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचं पेटंट अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधले शिक्षक वॉरेन जॉन्सन यांनी १८८३ मध्ये घेतलं.

दोन हजार व्होल्टचा दणका

थॉमसन पैसेवाले आणि प्रसिद्ध झाले ते मात्र उष्णतेमुळे नाही, तर तारेमुळे. १८५० च्या दशकात अटलांटिकच्या तळातून आयर्लंड ते अमेरिका खंड अशी टेलिग्राफची केबल टाकायचं ठरलं. लांब केबलमध्ये सिग्नल पसरट होत जातो हे थॉमसननी गणिताने दाखवलं होतं, आणि गणित कुठलं, तर फूरियेंचं उष्णतेचंच! सळईतून उष्णता जशी हळूहळू सरकते, तसाच केबलमधून सिग्नल. लांबी दुप्पट केली तर उशीर चौपट.

कंपनीचे इलेक्ट्रिशियन होते व्हाइटहाउस, पेशाने डॉक्टर. त्यांना हे गणित मान्य नव्हतं. सिग्नल कमी पडतोय ना, मग व्होल्टेज वाढवा, असा सरळ हिशोब. थॉमसन म्हणत होते त्याच्या उलट, की जोर वाढवू नका, मोजणारं यंत्र नाजूक करा. त्यासाठी त्यांनी मिरर गॅल्व्हानोमीटर केला. एका बारीकशा आरशामागे चुंबक चिकटवायचे, तो रेशमी धाग्यावर टांगायचा आणि त्यावर दिव्याचा झोत सोडायचा. केबलमधून किंचित करंट आला तरी लांबच्या पट्टीवर प्रकाशाचा ठिपका सरकतो.

ऑगस्ट १८५८ मध्ये केबल जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा निरोप जायला सुमारे १६ तास लागले. तेवढ्यात व्हाइटहाउस यांनी साधारण २००० व्होल्टचा दणका दिला. आधीच कमकुवत असलेली केबल काही आठवड्यांत कायमची गप्प झाली. लोकांचे लाखो पौंड समुद्रात. पुढे चौकशी झाली, थॉमसनची पद्धत मान्य झाली, आणि १८६६ मध्ये ग्रेट ईस्टर्न या अजस्र जहाजाने टाकलेली केबल टिकली. त्याच वर्षी थॉमसन 'सर' झाले. याच ग्रेट ईस्टर्नने १८७० मध्ये मुंबई ते एडन केबल टाकली, आणि मुंबई समुद्राच्या तळातून विलायतेशी जोडली गेली. म्हणजे आपलाही संबंध आलाच की!

भिंतीवरचा डबा

आता ती चूक. बाहेरून आलं, घर गार आहे, म्हणून माणूस थर्मोस्टॅटवर २० ऐवजी थेट २७ लावतो. का? तर लवकर गरम होईल म्हणून. आपल्याकडे एसीच्या रिमोटवर १६ लावणारे असतात, तसंच. पण थर्मोस्टॅट म्हणजे स्कूटरचा ॲक्सिलरेटर नाही. साध्या हीट पंपाला दोनच गोष्टी कळतात, चालू आणि बंद. २७ लावलं म्हणून तो जास्त जोरात पळत नाही.

एवढंच असतं तर फार बिघडलं नसतं. पण थंड देशांतल्या बहुतेक हीट पंपांना मदतनीस म्हणून विजेच्या हीटरच्या पट्ट्या जोडलेल्या असतात. घराचं तापमान आणि लावलेला आकडा यांत मोठा फरक दिसला, की थर्मोस्टॅटला वाटतं पंपाला एकट्याला जमत नाहीये, आणि तो त्या पट्ट्या पेटवतो. आता हिशोब करा. घराला ६ किलोवॉट उष्णता हवी असेल तर सीओपी ३ चा पंप २ किलोवॉटमध्ये भागवतो. तीच उष्णता पट्ट्यांनी दिली तर पूर्ण ६ किलोवॉट. केल्विनसाहेबांनी वाचवलेले ४ किलोवॉट एका बोटाने घालवले! हा आपला घरगुती व्हाइटहाउस. म्हणून हीट पंप असेल तर सोसवेल तो आकडा एकदा लावायचा आणि शक्यतो तसाच ठेवायचा. रात्री उतरवायचा तर एक-दोन अंशच. आणि 'इमर्जन्सी हीट' नावाचं बटण पंप बिघडला तरच दाबायचं, कारण ते पंपाला बाजूला ठेवून फक्त पट्ट्यांवर घर चालवतं.

बसवतानाही तोच धडा, नीट मोजता आलं पाहिजे. डब्यात थर्मिस्टर असतो. तापमान बदललं की त्याचा रेझिस्टन्स बदलतो, आणि त्यावरून तापमान काढायच्या सूत्रात आकडा केल्विनमध्येच घालावा लागतो. बघा, साहेब तिथेही आहेतच! हा डबा आतल्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर लावायचा. ऊन, दिवा, स्वयंपाकघर, गरम हवेची जाळी यांच्यापासून लांब. भिंतीतल्या ज्या भोकातून वायरी येतात ते बुजवायचं, नाहीतर भिंतीच्या पोकळीतला गार वारा थर्मिस्टरला लागतो आणि तो घर गार असल्याचं खोटंच सांगतो.

वायरिंगचं थोडक्यात. आधी मेन ब्रेकर बंद. जुन्या डब्याच्या वायरी काढण्याआधी मोबाईलने फोटो. तिकडे कंट्रोल सहसा २४ व्होल्ट एसीवर चालतो. जाड, मेनच्या वायरी दिसल्या तर तो डबा आपला नव्हेच, तिथे इलेक्ट्रिशियनलाच बोलवावं. 'आर' ही ट्रान्सफॉर्मरकडून येणारी वायर, 'सी' परतीची. या दोन चुकून एकमेकींना टेकल्या की फ्यूज उडतो. 'वाय' कॉम्प्रेसरची, 'जी' पंख्याची, आणि मदतनीस पट्ट्यांची बहुधा 'डब्ल्यू टू' किंवा 'ऑक्स'. खरी गंमत 'ओ' आणि 'बी'ची. हीट पंप उलटा फिरवणारा जो रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह असतो, ही त्याची वायर. 'ओ' पद्धतीत गार करताना व्हॉल्व्हला वीज मिळते, 'बी' पद्धतीत गरम करताना. सेटिंगमध्ये हे उलटं निवडलं तर गरम मागितल्यावर घर गार होतं! आणि बटण दाबल्यावर पाचेक मिनिटं काहीच झालं नाही तर घाबरायचं नाही. बंद झालेला कॉम्प्रेसर लगेच सुरू केला तर दाबाविरुद्ध झगडतो, म्हणून थर्मोस्टॅट मुद्दाम थांबतो.

केल्विनसाहेबांना असल्या घरगुती उचापती आवडल्या असत्या. १८८१ मध्ये त्यांनी ग्लासगोतल्या आपल्या घरातले गॅसचे दिवे काढून विजेचे बल्ब लावले. संपूर्ण घर विजेवर उजळणाऱ्या जगातल्या सुरुवातीच्या घरांपैकी ते एक. कॉलेजमध्येही त्यांनी एका जुन्या तळघरात विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा सुरू केली होती. पोरांच्या हातात यंत्रं द्यायची ही पद्धत ब्रिटनच्या युनिव्हर्सिट्यांमध्ये तेव्हा नवीनच होती.

मोठ्या माणसाची मोठी चूक

१८९२ मध्ये ते लॉर्ड झाले आणि युनिव्हर्सिटीजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचं नाव त्यांनी घेतलं. म्हणजे आपला 'के' मुळात एका नदीचा आहे! पण एवढा मोठा माणूसही चुकलाच. पृथ्वी गरम गोळ्यापासून थंड होत आली असं धरून त्यांनी तिचं वय काढलं. १८६२ मध्ये ते २ कोटी ते ४० कोटी वर्षं आलं, आणि पुढे ते आणखी खाली, २ ते ४ कोटींवर आणून ठेवलं. भूगर्भशास्त्रज्ञ ओरडत होते की एवढ्या वेळात डोंगर-दऱ्या होत नाहीत. १८९५ मध्ये त्यांचेच एके काळचे असिस्टंट जॉन पेरी यांनी दाखवलं, की पृथ्वीच्या पोटात उष्णता जास्त सहज हलत असेल तर सगळा हिशोब बदलतो. साहेब ऐकायला तयार नव्हते. आज आपल्याला पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं आहे हे माहीत आहे. गणितात खोट नव्हती, पण गृहीत धरलेली गोष्टच चुकीची होती. भोकातल्या वाऱ्याने फसलेल्या थर्मोस्टॅटसारखंच! तरुणपणी नाजूक सिग्नल ऐकायला शिकवणाऱ्या माणसाला म्हातारपणी समोरचा सिग्नल ऐकू आला नाही, याचं वाईट वाटतं.

तरी त्यांची शेवटची एक गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. १८९९ मध्ये पंचाहत्तराव्या वर्षी ते प्रोफेसर म्हणून रिटायर झाले, आणि लगेच त्याच युनिव्हर्सिटीत विद्यार्थी म्हणून नाव घातलं. १७ डिसेंबर १९०७ ला ते गेले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटनच्या जवळ त्यांना जागा मिळाली.

तेव्हा दोस्तहो, पुढच्या पेपरला २७३ मिळवताना एक सेकंद थांबा. बाहेरच्या गारठ्यातही उष्णता असते, हे त्या २७३ मध्येच लिहिलेलं आहे. आणि बॅकलॉग असो, प्रोजेक्ट असो की घरातली थंडी, एकदम २७ लावून काही लवकर होत नाही. २० लावा, धीर धरा, आणि आपला थर्मिस्टर वाऱ्यात नाही ना, तेवढं तपासा!